एकतीस खिळ्यांची फळी

६ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकटीचा सा. न. वि. वि. यातली विनंती सोडून दे, हुकूमच समज.

काल संध्याकाळी नीट पोचले. गाडीत साडेसहा तास बसून कंबर मोडली, पण तुझं घर आवरताना मोडली त्यापुढे ते काहीच नाही. नऊ दिवसांत तुझ्या घरातून अकरा पोती बाहेर काढली मी. अकरा! वहिनी जाऊन दीड वर्ष झालं आणि तू नुसतं साठू दिलंस. कान गेलेत हे मान्य, पण डोळे शाबूत आहेत ना? दिसत नव्हतं का?

मला लिहायचा कंटाळा आहे हे तुला ठाऊक आहे. चौथीनंतर मी पेन धरलं ते थेट चादरींवर नंबर टाकायला. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकवायचं, आणि तू हो हो म्हणून भलतंच करणार. म्हणून लिहून देते. हा कागद स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटव.

आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईत दिवसाला नऊशे चादरी येतात. मळकी एका दाराने येते, धुतलेली दुसऱ्या दाराने जाते, दोघींची गाठ पडत नाही. मी तिथे मुकादम झाले तेव्हा इस्त्रीपाशी कायम ढीग असायचा आणि सगळ्या इस्त्रीवालीवर ओरडायच्या. मी दोन दिवस नुसती उभी राहून बघितलं. चूक इस्त्रीपाशी नव्हतीच. दोन खोल्या मागे, ओल्या चादरी गाड्यात भरणारी एकदम दीडशे ढकलत होती. तिला तीस-तीस पाठव म्हटलं, ढीग गेला. तेव्हापासून मला पक्कं कळलंय की ढीग दिसतो तिथे चूक नसते. मागे जाऊन बघायचं.

तुझ्या घराचंही तेच. डब्यांवर मी लाल रेघ मारली आहे. जिन्नस रेघेखाली गेला की पाटीवर लिहायचं, शनिवारी दुकानात जायचं. मग साखर संपली, आगपेटी संपली म्हणून वर त्या शिवणवाल्या बाईच्या दारात उभं राहणं नको. रोज लागतं ते हाताशी, आठवड्याला लागतं ते खाली, वर्षात एकदा लागतं ते माळ्यावर. एक नवी वस्तू आत आली की एक जुनी बाहेर.

आणि त्या किल्ल्या. तू कुलूप-किल्ल्यांचं दुकान बंद केल्याला चार वर्षं झाली, तरी सगळ्या गल्लीच्या जादा किल्ल्या तुझ्या भिंतीवर. एकतीस खिळे, एकतीस किल्ल्या, आणि नावं नाहीत, नुसते रंगीत लोकरीचे दोरे. कुठला दोरा कुणाचा हे वहिनीला माहीत आणि आता तुला. ही काय पद्धत झाली? दिवसभर कोण ना कोण येतंय, बसतंय, किल्ली नेतंय, परत आणतंय. दुसऱ्यांचा माल आपल्या घरात ठेवायचा नाही. ज्याची त्याला देऊन टाकली ते चांगलं केलं. शिवणवाली तोंड करून म्हणाली की आता मी बाहेर अडकले तर कुणाकडे जाऊ. मी म्हटलं, बाई, आपली किल्ली आपण सांभाळावी. तू मात्र घरोघरी माझ्यामागे मुक्याने फिरलास. राग आला असेल तर तसं लिही.

शेवटचं. बारा पोस्टकार्डं दिली आहेत. माझा पत्ता घातला आहे. मागे लिहायचं, “मी ठीक आहे”, आणि दर सोमवारी पेटीत टाकायचं. एका गुरुवारी जरी कार्ड आलं नाही, तर मी पहिल्या गाडीने येईन. मुलाकडून तुझ्या मी तीन महिने मागून घेतले आहेत. तो तर घर विकून तुला त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत टाकायला निघाला होता. मी छातीला हात लावून सांगितलं की घर असं लावून देते, एकटा माणूस झोपेतसुद्धा चालवेल. माझं नाक तुझ्या हातात आहे.

डब्यांची झाकणं लावत जा. माझ्यावर आहे तो लोभ तसाच ठेव, रागातही.

तुझी,
धाकटी


१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

हुकूम पोचला. दाराला चिकटवला आहे. पाणी प्यायला जातो तेव्हा तू तिथून बघतेस असं वाटतं, म्हणून झाकणंही लावतो.

घर चांगलं चाललं आहे, खोटं कशाला बोलू. चष्मा सापडतो. आगपेटी आहे तिथेच असते. पूर्वी सकाळचा एक तास शोधण्यात जायचा, तो वाचला. त्या तासाचं काय करायचं ते तू कागदावर लिहिलेलं नाहीस. खिडकीशी बसतो. समोरचे लोक कामाला जातात ते बघतो, मग येतात ते बघतो.

तुझ्या पद्धतीतलं मला एक फार पटलं. तू म्हणालीस ना, एक चादर बारा वेळा उचलण्यापेक्षा बारा चादरी एकदा उचलाव्यात. तुझ्या कार्डांचंही मी तुझ्याचसारखं केलं आहे. शाबासकी देशील.

शिवणवाल्या बाई परवा जिन्यात भेटल्या. साखर आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं भरपूर आहे, रेघेच्या चार बोटं वर. त्या बरं म्हणाल्या आणि वर गेल्या. पूर्वी अर्धी वाटी साखरेला आमचा पाऊण तास लागायचा. त्यांना मोठ्याने बोलायची सवय झाली होती. त्यांचं मशीन फटफट करतं ना, त्यामुळे.

किल्ल्यांचं म्हणशील तर राग नाही. भिंत मोकळी झाली. फळी तू माळ्यावर टाकलीस हेही बरोबरच, वर्षात एकदासुद्धा लागणार नाही. भिंतीवर तिची जागा फक्त पांढरी दिसते, बाकी भिंत पिवळी झाली आहे.

तुझी कंबर कशी आहे? शेकत जा. मला आठवणीत ठेव, बाकी सगळं तू ठेवलंच आहेस जागच्या जागी.

तुझा,
दादा


५ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

चौथं कार्ड आज आलं. चारही गुरुवारी आली, एक दिवस मागे नाही की पुढे नाही. मी कपाटाच्या दाराला ओळीने लावली आहेत. तुझ्या मुलाला कळवलं की बघ, तुझा बाप घड्याळासारखा चाललाय. त्याने उलट काही लिहिलं नाही. चूक निघाली असती तर लगेच लिहिलं असतं, साहेब आहे तो.

कार्डावर तीनच शब्द लिहितोस. मी तेवढंच सांगितलं होतं हे खरं. पण जागा रिकामी राहते ना खाली. काही लिहिलंस तर मी मारणार नव्हते.

खिडकीत बसतोस ते कळलं. बसू नकोस. माणसाने हात चालता ठेवावा. माझं बघ. कामावरून सहाला येते. एक ताट, एक वाटी, एक पेला, एक चमचा. दोन असले की एक घाण पडून राहतो, म्हणून मी एकेकच ठेवलंय. कपडे चार, खुर्ची एक. जेवून धुवून पुसून सगळं व्हायला बावीस मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. पावणेसातला घर चकचकीत. आणि मग संध्याकाळ आख्खी उरते. कधी कधी मी पेला पुन्हा धुते.

हे उगाच लिहून गेले. खोडलं तर कागद घाण दिसतो, म्हणून राहू देते.

आमच्याकडे नवी भट्टी आली आहे. सगळ्या माना वाकवून तिला बघतात आणि काम पडून राहतं. आज तिघींना झापलं. पाठ वळली की मला “लाल रेघ” म्हणतात, मला माहीत आहे. म्हणू देत.

थंडीत कानाला गुंडाळून बस. पत्र पाठव, कार्ड नव्हे. जीव लाव, पण घाईत नको.

तुझी,
धाकटी


२६ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

सातवं कार्ड आलं. ठीक आहेस म्हणजे ठीक आहेस, मग पत्राला उत्तर द्यायला काय धाड भरली? माझ्या पाचच्या पत्राचं उत्तर नाही, ते पेटीत टाकायला दहा तारीख झाली हे खरं. अठराला दुसरं टाकलं, त्याचंही नाही. तुला वाटत असेल कार्ड टाकलं की सुटलो. दादा, मी तुझी बहीण आहे, हजेरी घेणारी बाई नाही.

किल्ल्यांवरून रुसला असशील तर साफ सांग. आता दोन महिन्यांनी रुसायचं म्हणजे अतीच झालं.

आज जास्त लिहीत नाही. डोकं दुखतंय. तरी माझा नमस्कार घे.

धाकटी


२ एप्रिल

चि. धाकटीस,

आ.

हे पत्र शिवणवाल्या बाई लिहून घेत आहेत, माझा उजवा हात सुजला आहे. मी इथल्या सरकारी हॉस्पिटलात आहे. बाविसावा दिवस. मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली आहे. घाबरू नकोस. घाबरत नसशीलच.

अकरा मार्चला, बुधवारी, माळ्यावरून एक वस्तू काढायला स्टुलावर चढलो आणि पडलो. दुपारचे तीन असतील. उठता येईना. फरशी फार गार असते, हे इतकी वर्षं राहूनही माहीत नव्हतं. हाताशी डबा आला, तुझ्या रेघेचा. त्याच्या झाकणाने फरशीवर वाजवत राहिलो. मला ऐकू येत नव्हतं, हाताला जाणवत होतं तेवढंच. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी या बाईंचं दार वाऱ्याने लागलं, किल्ली आत. सवयीने आमच्या दारात आल्या, मग आठवलं की किल्ली आता आमच्याकडे नसते. परत फिरणार तोच आतून डबा वाजताना ऐकला. दार उघडायला पाऊण तास लागला. कुलूप मीच केलेलं होतं. इतक्या वेदनेतही बरं वाटलं की सहज तुटलं नाही.

मी काही मागत नाही. तू म्हणाली होतीस, एक गुरुवार कार्ड आलं नाही तर पहिली गाडी. मी सोमवार धरून बसलो, म्हटलं कार्ड पडणार नाही, गुरुवारी तिला कळेल, शुक्रवारी येईल. शुक्रवारी मी दाढी करून घेतली. असे दोन शुक्रवार झाले. काम असेल. नवी भट्टी वगैरे.

मुलगा येऊन गेला, चार दिवस होता. घराला गिऱ्हाईक बघतो म्हणाला. तीन महिने मेच्या सुरुवातीला संपतात. मी मान हलवली.

हे लिहिताना बाई रडत आहेत, ते मी सांगितलेलं नाही.

तुझा,
दादा


१४ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि.

काल परत आले. पाच दिवस तुझ्या उशाशी बसले आणि एक गोष्ट बोलले नाही, कारण ती ओरडून बोलायची नव्हती. वॉर्डात वीस माणसं. म्हणून आता लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कामावर होते. घरी येऊन वाचलं आणि कपाटाच्या दाराकडे धावले. आठ कार्डं. आठही “मी ठीक आहे”. मला आधी वाटलं, दादाने भ्रमात पत्र लिहिलंय. मग वाटलं, कार्ड कुणी दुसरंच टाकतंय. मग आठही काढून टेबलावर शेजारी ठेवली. एकच शाई. एकाच ठिकाणी पेन अडकलेलं. एका बैठकीत लिहिलेली. बारा चादरी एकदा उचलाव्यात, असं मीच सांगितलं होतं ना.

कार्डं गल्लीतला पेपरवाला टाकतो हे तुझ्याकडून कळलं, तेव्हा त्याला मी जाब विचारायला गेले ते चप्पल हातात घ्यायच्याच तयारीने. तो बिचारा म्हणाला की काकांनी गठ्ठा दिला, दर सोमवारी एक टाक म्हणाले, मी एक सोमवार चुकवला नाही. त्याच्याकडे तीन शिल्लक होती, रबर लावून ठेवलेली. पाय मोडल्याचं त्याने ऐकलं होतं, पण काम बंद कर असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला काय बोलणार? माझ्या धुलाईत असता तर बढती दिली असती.

तू गठ्ठा दिल्याचं विसरलास हे तू सांगितलंस. मी रागावले नाही. मी तुझ्यावर रागवायची जागा शोधत होते, सापडली नाही.

माळ्यावरची वस्तू कुठली ते तू पत्रात लिहिलं नव्हतंस. मी तुझे कपडे आणायला घरी गेले तेव्हा स्टूल तसंच आडवं पडलेलं, आणि शेजारी फळी. एकतीस खिळ्यांची. ती परत लावायला चढला होतास. दाराच्या आत माझी तीन पत्रं, न फोडलेली. मी त्या फरशीवर बसले. गार आहे, खरंच.

ढीग दिसतो तिथे चूक नसते, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. तुझ्या घरात मी ढीग बघितला, डबे मोजले, पोती मोजली. पण त्या घरात वस्तूंसारखी माणसंही आत-बाहेर करत होती, ती मी मोजली नाहीत. किल्ली न्यायला येणारा तुझं तोंड बघून जायचा. साखर द्यायला येणारी बसायची. मला ती गळती वाटली, मी बूच मारलं. वहिनीने ते दोरे का बांधले होते ते तिला विचारायला हवं होतं, ती होती तेव्हा. चिठ्ठी लावली असती तर ज्याने त्याने आपली काढून नेली असती. दोरा म्हणजे विचारावं लागतं.

चुकले. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. धुलाईतल्यांना कळवू नकोस.

दार नवं बसवून घेतलं आहे. फळी जुन्या जागी लावून आले, पांढऱ्यावर बरोबर बसली. खिळे रिकामे आहेत, त्याला मी काय करू? लोकांनी एकदा परत घेतलेली किल्ली पुन्हा मागायला जायचं मला तोंड नाही. शिवणवालीला जिन्यात गाठून सांगितलं की बाई, त्या दिवशी मी उद्धट बोलले. ती म्हणाली, हो, बोललात.

मुलाला मी लिहिलंय की तीन महिन्यांचा माझा शब्द फसला, दोष माझा, त्याच्या बापाचा नाही. आता तो काय ठरवेल ते ठरवेल.

जपून पाऊल टाक. मला टाकू नकोस.

धाकटी


२ मे

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

घरी येऊन आठ दिवस झाले. हात सुधारला, अक्षर बघ. चौकटीची काठी घेऊन खोलीत फिरतो.

मुलगा परवा आला होता. गिऱ्हाईकही आणलं होतं, जाड चष्म्याचा एक गृहस्थ. मुलाने कागदावर लिहून मला विचारलं की बाबा, मला एवढंच सांगा, तुम्ही पडलात तर दिवसभरात कुणाला कळेल? मी उत्तर लिहायला पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात शिवणवाल्या बाई आल्या. खाली आल्या त्या थेट फळीपाशी. हिरव्या दोऱ्याची किल्ली, तिसरा खिळा, आपली जागा त्या विसरल्या नव्हत्या. मुलाला म्हणाल्या की मला विसरायची खोड आहे, दिवसातून एकदा तरी लागते. दोरा त्यांनी काढलाच नव्हता.

त्यांनी गल्लीत सांगितलं असावं. संध्याकाळपर्यंत पेपरवाला आला, तो तर फळीवर पूर्वी नव्हताच. त्याने दोरा आणला नव्हता, रबर लावून आणली. तुझ्या उरलेल्या तीन कार्डांचंच रबर. आजपर्यंत नऊ झाल्या. मुलगा दोन दिवस खुर्चीत बसून दाराकडे बघत होता. गृहस्थाला त्याने परत पाठवलं. जाताना लिहून गेला की वेडेपणा आहे हा, पण चालू द्या. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

तेव्हा तुझं नाक शाबूत आहे. डब्यांच्या रेघाही ठेवल्या आहेत, साखरेची तेवढी पुसली.

बाकी बावीस खिळे रिकामे आहेत. घाई नाही. रोज संध्याकाळी मी मोजतो आणि मग तुझी आठवण येते, की पावणेसात वाजले असतील, तिचा पेला धुऊन झाला असेल. तुझं पाच मार्चचं पत्र मी हॉस्पिटलातून आल्यावर फोडलं. तू पत्रात खोडत नाहीस हे बरं आहे.

पुन्हा ये, आवरायला नको, नुसती ये.

तुझा,
दादा


९ मे

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पाकीट जड लागलं म्हणून घाबरू नकोस. आत किल्ली आहे.

माझ्या घराच्या दोन किल्ल्या आहेत, तुलाच आठवत असेल, कुलूप तूच लावून दिलंस. एक माझ्या गळ्यात असते. दुसरी ह्यांची. हे गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती डब्यात आहे. डब्यावर मी लिहिलंय, “दुसरी किल्ली”. माझ्याकडे सगळं एकेक आहे, तेवढीच एक वस्तू दोन होती. माझ्याच नियमाने ती कधीच बाहेर जायला हवी होती. दरवर्षी आवरताना हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. कारण विचारू नकोस.

इथे कुणाला द्यावी हे मी आठवडाभर शोधलं. उजवीकडचे नवे आहेत, डावीकडचं दार बंद असतं. धुलाईतल्या एकीला विचारीन म्हटलं, पण तिच्याशी मी आजवर कामापलीकडे बोललेच नाही. तोंड उघडलं आणि चादरी मोजल्यास का, असंच विचारलं. मग तुझे बावीस खिळे आठवले.

तुला या किल्लीचा काडीचा उपयोग नाही. मी बाहेर अडकले तर साडेसहा तास गाडीत बसून तुझ्याकडे यावं लागेल, किल्ली घेऊन साडेसहा तास परत. यापेक्षा वेडी पद्धत मी उभ्या जन्मात बघितली नाही. तरी ठेव.

दोरा लोकरीचा मिळाला नाही. आमच्याकडे फाटलेली चादर शिवून पुन्हा वापरात घेतली की तिच्या कोपऱ्याला लाल दोरा घालतात, तो बांधला आहे. चिठ्ठी लावलेली नाही. कुणी विचारलं ही कुणाची, तर सांग.

पुढच्या शनिवारी रजा टाकली आहे. येताना गळ्यातली किल्ली घरीच विसरणार आहे.

तुझी,
धाकटी